भाकीत आधी लिहून ठेवा

सुरतेच्या आग्नेय अंगाला उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या वस्त्या एकमेकींना लागून पसरल्या आहेत. नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतून कामाच्या शोधात आलेली खान्देशी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि लूमच्या खात्यात हिंदी, असा त्यांचा भाषांचा दिवस असतो. या वस्तीतल्या माणसाच्या हातातला मोबाइल त्याला रोज तीन तऱ्हेच्या गोष्टी सांगतो. अमुक ठिकाणी असे काही घडले की विज्ञानानेही हात टेकले. तमुक माणूस भविष्यकाळातून आला आहे आणि पुढच्या वर्षी काय होणार ते त्याने सांगून ठेवले आहे. आणि कृत्रिम बुद्धिमत्ता येत्या पाच-दहा वर्षांत सगळ्यांची कामे हिरावून घेणार, किंवा सगळ्यांची दुःखे दूर करणार. तिन्ही गोष्टी एकाच आवाजात, एकाच पार्श्वसंगीतावर सांगितल्या जातात. मग ऐकणारा एक तर तिन्हींवर विश्वास ठेवतो, नाही तर तिन्ही थापा समजून सोडून देतो. दोन्हीकडे तोच फसतो. कारण या गोष्टी एका मापाच्या नाहीत. त्यांतली काही निव्वळ बनावट आहेत, काही अर्धी खरी आहेत आणि काही इतकी खरी आहेत की त्यांची तयारी आजच करायला हवी. त्या निवडण्यासाठी तीन वेगळ्या कसोट्या लागत नाहीत. एकच पुरते: दावा आधी लिहून घ्यावा, तो चुकला असे केव्हा म्हणायचे तेही आधीच ठरवावे, निकाल त्रयस्थाच्या हाती द्यावा, आणि चुकलेले दावे बरोबर ठरलेल्यांइतक्याच काळजीने मोजावेत. ही कसोटी पुण्यात, मराठी माणसांनी, मराठी ज्योतिषांवर लावून दाखवलेली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलच्या भाकितांनाही तीच लावली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी न उलगडलेल्या गोष्टींचा विचार करू, आणि त्यासाठी सुरतेबाहेर जाण्याचीही गरज नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत माणसे ताप, खोकला आणि रक्ताच्या गुळण्यांनी दगावू लागली. फुप्फुसाचा प्लेग, असा शब्द पसरला आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यात खान्देशात परतणारे कामगार होते, तसेच दवाखान्यांना कुलपे लावून निघालेले खासगी डॉक्टरही होते. टेट्रासायक्लिन औषधाच्या दुकानांतून नाहीसे झाले. विमानसेवा बंद झाल्या, निर्यात अडली. मग सुरू झाला दुसरा गोंधळ. हा प्लेगच नाही, दुसराच कुठला जंतू आहे, असे काही वैद्यकतज्ज्ञ म्हणू लागले. रुग्ण अपेक्षेइतके का वाढले नाहीत, उंदीर आधी का मेले नाहीत, असे त्यांचे प्रश्न होते आणि ते गैरवाजवी नव्हते. या शंकांच्या पोटातून बाहेरच्या देशाने जंतू सोडल्याच्या वावड्याही उठल्या. अनेक वर्षे सुरतेचा प्लेग हे एक गूढ म्हणून सांगितले जात होते.

हे गूढ सुटले ते साठवून ठेवलेल्या नमुन्यांमुळे. रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूंची जनुकीय तपासणी झाली आणि २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी तो जिवाणू यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच असल्याचे प्रसिद्ध केले. देशभरातल्या मृतांची अधिकृत संख्या साठच्या आत राहिली होती. घबराटीने केलेले नुकसान त्या मानाने फार मोठे होते. मला यात महत्त्वाची वाटते ती शंका घेणाऱ्यांची भूमिका. त्यांचे म्हणणे शेवटी चुकीचे ठरले, तरी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे पुराव्याची मागणी जिवंत राहिली. ज्यांनी वावड्या पसरवल्या त्यांच्याकडे मात्र पडताळून पाहण्यासारखे काहीच नव्हते. त्यांचे विधान कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल हे त्यांनी कधी सांगितले नाही. शंका आणि वावडी यांतला फरक इथे आहे. साथीच्या पुढच्याच वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी सुरतेची साफसफाई करून घेतली, ती सर्वांना माहीत आहे. जो शत्रू अगम्य मानला त्याच्याशी अशी लढाई करता येत नाही. कचरा, तुंबलेली गटारे आणि उंदीर ही कारणे मान्य केली म्हणून झाडू हाती घेता आला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे उदाहरण याहून जुने आहे. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे ते विवर लोणासुराच्या वधाशी जोडले गेले, नंतर भूशास्त्रज्ञांनी बराच काळ ते ज्वालामुखीचे मानले, आणि १९७० च्या दशकात उल्कापाताच्या आघाताखेरीज तयार न होणारी काचेसारखी द्रव्ये तिथल्या खडकात सापडली तेव्हा प्रश्न मिटला. २०२० च्या जूनमध्ये त्याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी घटून खारटपणा वाढल्याने रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. आज एखादी गोष्ट उलगडलेली नाही म्हणून ती कधी उलगडणारच नाही असे म्हणणाऱ्यांना लोणारने दोनदा उत्तर दिले आहे. आणि इथे भूशास्त्रज्ञही आधी चुकले होते, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. चूक नोंदलेली होती म्हणून ती दुरुस्त करता आली.

आता पुण्याची चाचणी. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती योजली. शाळांमधून २०० मुलांची जन्मवेळ व जन्मस्थळ मिळवण्यात आले: १०० मुले अभ्यासात हुशार आणि १०० मुले मतिमंद. त्यांच्या कुंडल्या तयार केल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन करण्यात आले. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला त्यांतल्या ४० कुंडल्या द्यायच्या आणि कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंद मुलाची हे त्याने कुंडलीवरून सांगायचे. यश केव्हा मानायचे हेही आधी ठरले होते: ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर. नाणे उडवून उत्तरे दिली तर इतके यश शंभरात एखाद्याच वेळी मिळेल, म्हणून हा आकडा. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगली कामगिरी २४ उत्तरांची होती. सर्वांची सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास आली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या आणि १०२ उत्तरे बरोबर दिली, म्हणजे ५१ टक्के. नाणे उडवूनही एवढेच मिळते.

या चाचणीचे मोठेपण तिच्या निकालापेक्षा तिच्या बांधणीत आहे. निकाल उलटा लागला असता तर नारळीकरांना तो प्रसिद्ध करावा लागला असता, कारण अटी आधी जाहीर झाल्या होत्या. ज्योतिषांनाही जिंकण्याची पुरेपूर संधी होती. नारळीकरांचा हा स्वभाव त्यांच्या साहित्यातही दिसतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, कारण परीक्षकांनी नाव न पाहता कथा पाहावी अशी त्यांची इच्छा होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जो नियम त्यांनी पुढे ज्योतिषांना लावला तो आधी स्वतःला लावला होता.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी टाळणार नाही. पहिला असा की, ज्योतिष कौशल्यावर अवलंबून असते; खरे जाणकार या चाचणीत उतरलेच नाहीत. शक्य आहे. पण मग ते जाणकार कसे ओळखायचे हे आक्षेप घेणाऱ्याने आधी सांगायला हवे, आणि ती ओळख निकालानंतर बदलता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक सखोल आहे: जीवनातल्या सगळ्याच गोष्टी अशा मोजता येत नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे. आईची माया, प्रार्थनेने मिळणारा धीर, संकटात कुणाच्या शब्दाने वाटणारा आधार यांना ही कसोटी लावण्याचे कारणच नाही, कारण तिथे कुणी पुढच्या घटनांचा दावा केलेला नसतो. पण जो माणूस लग्न केव्हा होईल, आजार कधी बरा होईल, पैसा कुठे गुंतवावा हे सांगतो आणि त्याचे दाम घेतो, त्याने मोजणीच्या मैदानात स्वतः पाऊल टाकलेले असते. तिसरा आक्षेप येतो तो भविष्यवाण्या खऱ्या ठरल्याच्या उदाहरणांसह. बल्गेरियातल्या बाबा वेंगा हिचे नाव दर डिसेंबरात मराठी बातम्यांत झळकते. ती १९९६ साली वारली आणि तिने स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ मागे नाही. तिच्या नावावरची भाकिते बहुतेक घटना घडून गेल्यावर जगात पसरली. जे आधी लिहिलेलेच नाही त्याचे खरे-खोटे ठरवायचे कसे?

काळप्रवासाच्या बाबतीत मराठी वाचकाला एक सुंदर कथा ठाऊक आहे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन येतात जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. कथेचा जीव एका फाटलेल्या पानात आहे. विश्वासरावांना गोळी लागली की चाटून गेली, हे त्या पानावर लिहिलेले असते, आणि परत आल्यावर गंगाधरपंतांच्या खिशात ते सापडते. कल्पित कथेतही नारळीकरांना पुरावा लागला! हेच मला त्या कथेत सर्वांत मोलाचे वाटते. आपल्याकडे काळप्रवासाच्या नावाने जे फिरते त्यात नेमके ते पान नसते.

भौतिकशास्त्र काय म्हणते ते नीट पाहिले तर उत्तर अर्धे हो आणि अर्धे नाही असे आहे. भविष्याकडे वेगाने जाणे शक्य आहे आणि ते रोज घडते. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये सांगितले की वेगाने फिरणारे घड्याळ सावकाश चालते. पुढे त्याने दाखवले की गुरुत्वाकर्षणाचाही घड्याळावर परिणाम होतो. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी आलेला फरक हिशोबाशी जुळला. मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे जमिनीच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक दुरुस्त केला नाही तर एका दिवसात काही किलोमीटरची चूक साचेल. अंतराळात एकूण ८०३ दिवस राहिलेला रशियाचा सर्गेई क्रिकाल्योव्ह आपल्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाने पुढे गेला आहे. हा काळप्रवास फार छोटा असला तरी खरा आहे, कारण त्याचा आकडा आधी कागदावर होता आणि मग घड्याळात दिसला.

भूतकाळात परतण्याची गोष्ट वेगळी. १९४९ मध्ये कुर्ट गोडेलने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून असे एक विश्व काढून दाखवले ज्यात काळाची वाट वळून मागे येते. पण आपले विश्व तसे आहे याचा पुरावा नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केंब्रिजमध्ये काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी झाल्यानंतर जाहीर केले, म्हणजे केवळ भविष्यातून येणाऱ्यालाच ते कळू शकले असते. कुणी आले नाही. याउलट २०००-०१ मध्ये जॉन टायटर या नावाने इंटरनेटवर लिहिणाऱ्या एकाने आपण २०३६ सालातून आल्याचे सांगून अमेरिकेत यादवी युद्ध पेटणार आणि २०१५ मध्ये अणुयुद्ध होणार असे लिहिले. निदान त्याने लिहून तरी ठेवले. ते घडले नाही, तेव्हा त्याचे चाहते म्हणू लागले की तो दुसऱ्या एका समांतर जगातून आला होता. ही पळवाट लक्षात ठेवण्याजोगी आहे: भाकीत चुकल्यावर अट बदलणे. ज्योतिषाच्या बाजूने केले जाणारे बरेच युक्तिवादही याच वाटेने जातात, आणि दुर्दैवाने कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलणारे काही मोठे शास्त्रज्ञही.

त्यांची नोंद तपासून पाहू. हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूवेल यांनी १९५७ मध्ये सांगितले की दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवले ते १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. १९६५ मध्ये सायमन यांनी लिहिले की वीस वर्षांत यंत्रे माणसाला येणारे कोणतेही काम करू शकतील. १९८५ येऊन गेले. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन म्हणाले की क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे आता थांबवावे, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले काम करेल. यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, पण क्ष-किरणतज्ज्ञांची गरज आजही जगभर आहे. ही सर्व माणसे आपल्या विषयातली शिखरे आहेत. सायमन यांना अर्थशास्त्राचे आणि हिंटन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तरी त्यांची वर्षे चुकली. विषयाचे ज्ञान असणे आणि विषयाचे भविष्य कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या नोंदीवरून स्पष्ट दिसते. मात्र नोंद दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. यंत्राला बुद्धिबळ कधी नीट जमणार नाही असे मानणारेही खोटे ठरले. गो हा पटावरचा खेळ यंत्राला अजून दशकभर तरी जमणार नाही, असे अनेक जाणकार म्हणत असताना अल्फागो या संगणक-कार्यक्रमाने २०१६ मध्ये अव्वल खेळाडू ली सेडोलला ४-१ असे हरवले. तेव्हा ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यालाही ही नोंद सोडत नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा प्रथिनांच्या क्षेत्रातला आहे. शरीरातले प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळीने बनते आणि ती साखळी एका विशिष्ट आकारात दुमडते. साखळीवरून आकार ओळखणे हा जीवशास्त्रातला अर्धशतक जुना प्रश्न होता. १९९४ पासून दर दोन वर्षांनी कॅस्प नावाची चाचणी भरते. ज्या प्रथिनांचे आकार प्रयोगशाळेत ठरले आहेत पण अजून प्रसिद्ध झालेले नाहीत, त्यांच्या साखळ्या स्पर्धकांना दिल्या जातात. स्पर्धक उत्तर पाठवतात, आणि मग ते खऱ्या आकाराशी ताडून पाहिले जाते. पुण्यातल्या चाचणीची बांधणी आणि ही बांधणी एकच आहे: उत्तर दडलेले, दावा आधी नोंदलेला, निकाल त्रयस्थाकडे. २०२० च्या कॅस्पमध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यक्रमाने १०० पैकी ९२ च्या पुढे मध्यक गुण मिळवले. बाकीचे स्पर्धक फार मागे राहिले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर यांच्याबरोबर अल्फाफोल्ड घडवणारे डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. एकाच कसोटीने कुंडलीचा दावा पाडला आणि यंत्राचा दावा उचलून धरला. ज्यांना वाटते की अशा चाचण्या केवळ श्रद्धा मोडण्यासाठी आखल्या जातात, त्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

आता सुरतेच्या कामगाराकडे वळतो, कारण भाकिते त्याच्या पोटाशी येऊन भिडतात. संगणकाचा एक पूर्वज हातमागावर जन्मला. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी विणकामाची नक्षी चालवणारे यंत्र केले. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी तेच पुठ्ठे घेतले. आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्या यंत्रावर टिपण लिहिताना जाकारच्या मागाचीच उपमा वापरली. जाकारच्याच नावावरून आलेला जेकार्ड हा शब्द सुरतेतल्या कारागिराला रोजचा आहे. आज त्याच्याभोवती साड्यांची नक्षी काढणारे आणि कापडातला दोष कॅमेऱ्याने टिपणारे संगणक-कार्यक्रम येत आहेत. ‘पाच वर्षांत लूम कारागीर संपणार’ हे वाक्य त्याला ऐकवले जाते, तेव्हा त्याने विचारायचे ते हे: कोणते काम? तुटलेली तार जोडणे, बीम चढवणे, नक्षी काढणे, तागा तपासणे, ही वेगवेगळी कामे आहेत. नक्षी काढणे आणि तागा तपासणे संगणकाला आज जमते आहे, आणि त्या कामावर जगणाऱ्यांनी ते गंभीरपणे घ्यावे. तार जोडणाऱ्या हाताची बदली मात्र यंत्राच्या बुद्धीपेक्षा यंत्राच्या किमतीवर, सुताच्या प्रतीवर, विजेच्या दरावर आणि मजुरी किती कमी ठेवली जाते यावर ठरते. वॉटरजेट आणि एअरजेट मागांनी एका कारागिराच्या हाती अधिक मशीन्स दिल्या, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा काही संबंध नव्हता. ज्या भाकितात काम, किंमत आणि वर्ष यांपैकी एकही गोष्ट नेमकी नाही, ते कारागिराला घाबरवू शकते, तयारी करायला मदत करू शकत नाही. घाबरलेला माणूस मजुरीबद्दल भांडत नाही, हेही मालकांच्या पथ्यावर पडणारे आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा आहे, आणि तो मी स्वतःच मांडतो. काही धोके असे असतात की ते खरे ठरेपर्यंत थांबलो तर नोंद वाचायला कुणी उरणार नाही. २०२३ च्या मे महिन्यात हिंटन यांच्यासह शेकडो शास्त्रज्ञांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या करून सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका साथी आणि अणुयुद्ध यांच्या बरोबरीने घ्यावा. अशा वेळी ‘आधी लिहून ठेवा, मग पाहू’ म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरणार नाही का? उत्तरासाठी तापीकडे पाहावे. २००६ च्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, उकाई धरण भरत आले, आणि सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. सावधगिरी घ्यायला पूर येईलच याची खात्री लागत नव्हती. पूर कोणत्या वाटेने येऊ शकतो हे ठाऊक असणे पुरेसे होते: पाऊस किती, धरणात जागा किती, नदीची वहनक्षमता किती. धरणात आधी जागा रिकामी ठेवायला हवी होती का, या वादाला त्यामुळेच अर्थ आला, आणि नंतर शहराला पूर्वसूचनेची व्यवस्था उभारता आली. यंत्रांच्या धोक्याबद्दलही हीच अपेक्षा ठेवायला हवी. धोका सांगणाऱ्याने वाट सांगावी: कोणते यंत्र, कुणाच्या हाती, कोणत्या अधिकारासह, कोणती चूक करू शकते. ज्यांनी वाट सांगितली आहे त्यांचे ऐकून आजच नियम करावेत. बनावट आवाज आणि चेहरे वापरून होणारी फसवणूक ही अशी सांगितलेली, दिसू लागलेली वाट आहे. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत विचार करणारे यंत्र आपल्यासारखी आणखी यंत्रे घडवण्याची इच्छा धरते, आणि धोका तिथून सुरू होतो. कल्पनेतही धोक्याची पायरी नेमकी आहे. तारीख मात्र नाही, आणि ती नसणे हाच प्रामाणिकपणा आहे.

शेवटची गोष्ट ही माझी सर्वांत जवळची चिंता आहे. बोलणारी यंत्रे आता स्वतःच ज्योतिषाच्या गादीवर बसवली जात आहेत. त्यांना कुंडली द्या, ती भविष्य सांगतात. औषध विचारा, औषध सांगतात. न घडलेली घटना विचारली तर कधी कधी तिचीही तारीख सांगतात. प्रचंड मजकुरातून शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त हे ती शिकलेली असतात, आणि त्यामुळे खरे उत्तर आणि रचलेले उत्तर एकाच सफाईने बाहेर पडते. इंग्रजीत मजकूर विपुल आहे, मराठीत कमी, आणि नवागामच्या घरात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत तर फारच थोडा. म्हणजे ज्याला पडताळून पाहण्याची साधने कमी, त्यालाच चुकीचे उत्तर मिळण्याचा संभव जास्त. महाराष्ट्राने २०१३ मध्ये दाभोलकरांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा केला, गुजरातनेही २०२४ मध्ये तसा कायदा केला. बाबा-भगताच्या अघोरी कृत्याला ते कायदे आवर घालू शकतात. आत्मविश्वासाने चुकीचे सांगणाऱ्या यंत्राला किंवा त्या यंत्राच्या नावाने स्वर्ग-नरक विकणाऱ्याला ते लागू होत नाहीत.

म्हणून आवाहन शिक्षकांना आहे. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी माध्यमातूनही चालतात, आणि महाराष्ट्रात तर गावोगावी शाळा आहेत. दर वर्षी जूनमध्ये वर्गात एक वही सुरू करावी. ज्योतिषाचे वर्षफल, वेधशाळेचा पावसाचा अंदाज, कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मोठ्या माणसांनी केलेले दावे आणि बोलणाऱ्या यंत्राने दिलेली उत्तरे तीत तारखेसह उतरवावीत. प्रत्येकापुढे ते चुकले असे केव्हा म्हणायचे हे मुलांनी ठरवावे. आणि वर्ष संपताना सगळ्यांसमोर मोजणी करावी. पावसाचा अंदाज किती वेळा चुकतो हेही मुलांना कळू द्यावे, आणि तरी तो वर्षफलापेक्षा किती पुढे आहे हेही. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्या चाचणीला खर्च फार आला नव्हता, आणि ती पुन्हा करायला कुणाची परवानगी लागत नाही.